पैसे भरून कादंबरी छापू का?

पत्र

ताई, मी गोव्यातल्या साखळीजवळच्या गावात राहते. वय 33, पतसंस्थेत नोकरी, दोन मुलं. गेली काही वर्षं पहाटे उठून एक कादंबरी लिहिली. खाणपट्ट्यातल्या एका ट्रकमालकाच्या घरची गोष्ट आहे. खरं सांगायचं तर माझ्याच माहेरची. वह्यांतून टाइप करून ती एका प्रकाशनसंस्थेला पाठवली, त्याला सात महिने झाले, उत्तर नाही. दुसरे एक प्रकाशक मात्र दोन दिवसांत म्हणाले, ‘उत्तम आहे, लगेच छापू.’ पण 85,000 रुपये मागतात. किंमत 350 रुपये ठेवून 300 प्रती काढणार, त्यातल्या 100 मला, उरलेल्या ते विकणार आणि त्यावर मला 20 टक्के रॉयल्टी. कोकणी संवाद मराठीत करा, असंही सांगितलंय. मुलीच्या नावावर एक ठेव आहे. नवरा म्हणतो, तुझी इच्छा असेल तर मोड. सासूबाई म्हणतात, घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडतेस? बाबांना अजून काहीच सांगितलेलं नाही. कधी कधी वाटतं नोकरी सोडून नुसतं लिहावं. पहिली दोन प्रकरणं सोबत पाठवत आहे. मी कादंबरीकार होऊ शकेन का?
— एक वाचक, साखळी
ता. क. पाठवलेली कादंबरी कुणी स्वतःच्या नावावर छापली तर?

उत्तर

प्रिय बाये,

आधी पैशाचं बोलू, कारण ती गोष्ट तातडीची आहे. ठेव मोडू नकोस. 85,000 भरू नकोस.

तू पतसंस्थेत बसतेस, तेव्हा हिशेब माझ्यापेक्षा तुला चांगला कळेल. तुझ्या वाट्याच्या 100 प्रती तू एकही भेट न देता पूर्ण किमतीला विकल्यास, तर 35,000 आले. त्यांच्याकडच्या 200 प्रती सगळ्या खपल्या आणि 20 टक्के चोख मिळाले, तर 14,000. झाले 49,000. म्हणजे सगळं मनासारखं घडलं, तरी 36,000 तुझ्या पदरचे गेले. आणि आपल्याकडे मनासारखं घडत नाही. मामा, आत्या, शाळेतल्या बाई, पतसंस्थेचे चेअरमन, सगळ्यांना ‘सप्रेम भेट’ द्यावी लागते. त्यांच्याकडे पैसे मागायला जीभ उचलत नाही.

पण पैसे बुडतील यापेक्षा मोठं कारण वेगळंच आहे. जो प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो, त्याला ते वसूल करायला पुस्तक विकावं लागतं. म्हणून तो नीट वाचतो, दुरुस्त्या सुचवतो, दुकानांत पुस्तक पोचवतो. ज्याची कमाई तुझ्या चेकनेच पूर्ण झाली, त्याने यातलं काही का करावं? दोन दिवसांत त्यांनी कादंबरी वाचली असेल असं मला वाटत नाही. खात्री हवी असेल तर त्यांना एवढंच विचार, की त्यांची मागच्या वर्षीची पुस्तकं पणजी, पुणे, कोल्हापूरच्या कुठल्या दुकानांत मिळतात. मग त्या दुकानांना फोन कर.

स्वतः पुस्तक काढण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. उद्या सगळं करून झाल्यावर तूच काढायचं ठरवलंस, तर छापखान्याकडून दरपत्रक घे, संपादकाला आणि मुद्रितशोधकाला त्यांचे पैसे दे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. तेव्हा सगळ्या प्रती तुझ्या असतील आणि हिशेबही तुझाच. पण ती वेळ आज आलेली नाही, कारण कादंबरी अजून तयार नाही.

हे वाचून वाईट वाटेल. दोन्ही प्रकरणं मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते.

पहिली नऊ पानं काढून टाक. त्यांत समुद्र आहे, माड आहेत, पोर्तुगीज आहेत, देवळांच्या दीपमाळा आहेत आणि ‘निसर्गाने मुक्त हस्ताने उधळण केलेला आमचा गोवा’ आहे. हे तू कुणाला सांगते आहेस? पुण्याच्या कुणा अनोळखी वाचकाला गोवा ओळखीचा वाटावा म्हणून घातलं असशील, पण त्याने हे पर्यटनाच्या जाहिरातीत वाचलेलं असतं. तो तुझ्याकडे येईल ते त्याला माहीत नसलेल्या गोव्यासाठी.

तो गोवा तुझ्या दहाव्या पानावर सुरू होतो. रविवारी बाबा ट्रक धुवायला वाळवंटी नदीवर नेतात. क्लीनर टायरच्या खाचांत अडकलेली माती खिळ्याने उकरून काढतो. धाकटी मुलगी पाण्यात पसरत जाणारा तांबडा पट्टा बघत काठाकाठाने खाली चालत जाते, तिथे बायका कपडे धुताहेत. पट्टा त्यांच्यापर्यंत पोचतो. कुणी काही बोलत नाही. पिळे उचलून त्या वरच्या अंगाला सरकतात, कारण त्यातल्या दोघींच्या दारातही ट्रक उभे आहेत.

बाये, हे वाचून मी थांबले. खाणीचा पैसा, खाणीची माती, गप्प बसलेला गाव, सगळं त्या अर्ध्या पानात आहे आणि कुठेही तू भाष्य केलेलं नाहीस. कादंबरी इथून सुरू कर. कादंबरीकार होशील का, या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे असलेलं उत्तर हेच अर्धं पान आहे. पुस्तक निघेल की नाही हे दोन प्रकरणांवरून कुणीच सांगू शकत नाही. पण ज्या बाईला बायकांचं ते सरकणं दिसलं, तिला कादंबरी दिसते.

दुसऱ्या प्रकरणात तोच हात आखडला आहे. आई दागिन्यांचा डबा उघडते, पाटल्या काढते आणि रिकामा डबा पुन्हा जागच्या जागी ठेवते. इथे थांबायला हवं होतं. पुढे तू ‘तिच्या मनात दुःखाचा डोंब उसळला’ वगैरे चार ओळी लिहिल्या आहेत. त्या काढ. अशा ओळी पूर्ण हस्तलिखितात शोधून काढ, पुष्कळ सापडतील.

आणखी एक गोष्ट त्याच प्रकरणातली. तुझ्या गोष्टीत खाणी एकदाच बंद होतात आणि घर कोसळतं. प्रत्यक्षात त्या दोनदा बंद झाल्या. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने काम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. 2014 साली न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली. मग 2018 च्या फेब्रुवारीत 88 खाणींच्या लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. तू हे दोन्ही प्रसंग एकात मिसळले आहेस आणि त्यामुळे कादंबरीतला सगळ्यात मोलाचा काळ हातचा घालवला आहेस. मधली ती आशेची वर्षं. ज्यांनी ट्रक विकला नाही, ज्यांनी पुन्हा बॅटरी बसवली, टायर घातले, पासिंग करून घेतलं, त्यांचं काय झालं ते लिही. पहिल्या फटक्याने माणूस वाकतो. दुसऱ्याने काय होतं, ते तुझ्या घराने पाहिलं आहे.

पणजीला पाटो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे काही शनिवार घाल. जुनी वर्तमानपत्रं बघायला माग. बातम्यांपेक्षा छोट्या जाहिराती वाच, त्या महिन्यांत कोण काय विकत होतं ते कळेल. आणि जाशील तेव्हा कपाटातल्या दहा-बारा मराठी कादंबऱ्यांचं फक्त पहिलं पान वाचून बघ. आपली नऊ पानं का जायला हवीत, हे मी सांगून पटणार नाही तेवढं त्याने पटेल.

आता कोकणी संवाद. ठेव. तुझे बाबा बँकेच्या माणसाला म्हणतात, ‘ट्रक रावलो, हप्तो खंय रावता?’ हे वाक्य मराठी वाचकाला समजणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाचकाला फार लहान समजलं आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारी माणसं मराठी कादंबरीत कधीपासून नांदताहेत, वाचकाला त्याची सवय आहे. तुझ्या गावच्या घरात पेपर मराठी येतो, आरत्या मराठीत म्हणतात आणि भांडणं कोकणीत होतात. कादंबरीतही तसंच राहू दे. आपल्याकडच्या कोकणी-मराठी भाषावादात दोन्ही बाजूंच्या काही लोकांना ते खटकेल, त्यांच्यासाठी लिहू नकोस. एक पथ्य मात्र पाळ. कोकणी वाक्याच्या पाठोपाठ निवेदनात त्याचाच मराठी अर्थ देऊ नकोस, प्रसंगातून कळू दे. एखाद्या चांगल्या संपादकाने अमुक एक वाक्य अडतं असं दाखवलं, तर त्या वाक्यापुरतं ऐक.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्यांना लोकांची भीती वाटते. मला तुझ्या बाबांची काळजी वाटते. त्यांचं कर्ज, बँकेत झालेला अपमान, दारू सुटलेली आणि पुन्हा लागलेली ती दोन वर्षं, सगळं तू लिहिलं आहेस. ते हयात आहेत. संध्याकाळी कट्ट्यावर बसतात, असंही तूच लिहिलं आहेस. पुस्तक आल्यावर कट्ट्यावरच्या कुणीतरी ‘तुमच्या चेडवान तुमचेर बरयलां म्हण’ असं सांगावं आणि तेव्हा त्यांना कळावं, असं होता कामा नये.

पण आत्ताच जाऊन सांगू नकोस. आत्ता सांगितलंस तर पुढचं प्रत्येक वाक्य लिहिताना ते मागे उभे राहतील आणि तू त्यांना चांगलं दाखवायला लागशील. दुसरा खर्डा पुरा होऊ दे. मग प्रकाशकाकडे जायच्या आधी त्यांच्यासमोर बस आणि वाचून दाखव. आधी नदीचं पान, मग बँकेचं. नुसती छापील पानं हातात देऊन निघून येऊ नकोस. ते रागावतील कदाचित. कदाचित म्हणतील, हप्ता एवढा नव्हता, तू चुकीचा लिहिलास. एखाद्या गोष्टीवर ते ‘हें नाका’ म्हणाले आणि त्यांचा आवाज फिरला, तर ती गोष्ट काढ. त्यावाचून कादंबरी मरत असेल, तर ती दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात घालून बघ. वडिलांच्या जागी काका, तुझ्या गावाऐवजी नदीपलीकडचा गाव, हे बदल लिहिणाऱ्याला वाटतात तेवढे महाग पडत नाहीत. पुष्कळदा त्यानेच गोष्ट आठवणींतून सुटते आणि कादंबरी होते.

कादंबरीतल्या त्या कंत्राटदाराचं मात्र आजच बदल. नाव बदललंस, पण गाडीचा रंग, बंगल्याची जागा आणि राजकीय पक्ष तोच ठेवलास. तालुक्यात कुणालाही ओळखू येईल. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ अशी ओळ पुढे छापल्याने बदनामीच्या खटल्यातून सुटका होतेच असं नाही. दोन-तीन माणसांतून एक माणूस घडव. आणि त्याला एखादा चांगला गुणही दे, त्याने तो जास्त खरा वाटेल.

नोकरी सोडू नकोस. मराठीत पहिल्या कादंबरीला साधारण 10 टक्क्यांच्या आसपास रॉयल्टी मिळते. 350 रुपयांच्या पुस्तकाच्या 500 प्रती खपल्या, तर हातात 17,500 येतात, तेही वर्ष-दोन वर्षांत मिळून. नुसत्या कादंबऱ्यांवर घर चालवणारे मराठी लेखक बोटांवर मोजण्याइतके. ज्ञानपीठ मिळालेले आपले कोकणी लेखक दामोदर मावजो माजोर्ड्याला दुकान चालवता चालवता लिहीत आले. पगार चालू असला की पैसे मागणाऱ्या प्रकाशकाला नाही म्हणता येतं आणि मनाविरुद्धचा बदल नाकारताही येतो. पहाटेची वेळ तुझी आहे, ती सांभाळ. मार्चअखेरीला पतसंस्थेत मान वर करायला मिळणार नाही, त्या महिन्यात लिहिणं झालं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नकोस.

आता सात महिन्यांच्या मौनाबद्दल. ते मनाला लावून घेऊ नकोस. मराठी प्रकाशनसंस्थांत एक-दोन माणसं आलेली हस्तलिखितं वाचतात, तीच मुद्रितं तपासतात आणि पुस्तक प्रदर्शनात स्टॉलवरही तीच उभी असतात. भारतातला पहिला छापखाना 1556 साली गोव्यात आला, पण आज मराठी कादंबरीला पुणे, मुंबई, कोल्हापूरची वाट बघावी लागते, हे मला नेहमी टोचतं. नम्रपणे एक स्मरणपत्र पाठव. सोबत लिही, की मी कादंबरीचं पुनर्लेखन करते आहे, आधीची प्रत बाजूला ठेवावी. एवढं लिहिलंस की तूही मोकळी झालीस आणि तेही.

नवा खर्डा पाठवशील तेव्हा दुकानात जाऊन बघ, कोण नव्या लोकांच्या कादंबऱ्या काढतं. ज्यांची यादी पाकक्रिया आणि स्पर्धा परीक्षांची आहे, त्यांना पाठवून उपयोग नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल, एका पानाचा सारांश ज्यात शेवटही सांगितलेला असेल, पहिली दोन-तीन प्रकरणं, आणि स्वतःबद्दल चार ओळी. त्या चार ओळींत ‘लहानपणापासून लिखाणाची आवड’ नको. ‘खाणपट्ट्यात ट्रकमालकाच्या घरात वाढले’ हे लिही. एकाच वेळी दोघा-तिघांना पाठवत असशील तर तसं प्रत्येकाला कळव. एकाने होकार दिला की बाकीच्यांना त्याच दिवशी सांग.

दरम्यान नदीचा प्रसंग कथा म्हणून वेगळा कर आणि दिवाळी अंकांकडे पाठव. बहुतेक अंकांचं साहित्य जून ते ऑगस्टमध्ये जमतं, तेव्हा गणेशचवथीची वाट बघू नकोस. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांनाही पाठव. प्रकाशक अशी छापून आलेली कथा बघतो. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाकडून पुन्हा पुन्हा लिहून घेत. त्यांचं ‘सत्यकथा’ मासिक 1982 साली बंद झालं आणि तसा वेळ देणारी माणसं आता फार थोडी उरली. म्हणून वाचणारे आपणच शोधावे लागतात. तुला तीन पुरेत. एक खाणपट्ट्यातला, जो म्हणेल ‘अशें नासता’. एक गोव्याबाहेरचा, जो सांगेल कुठे अडलं. आणि एक, जो भरपूर कादंबऱ्या वाचतो आणि तुझा नातेवाईक नाही. गोमंतक मराठी अकादमीच्या किंवा गोमंतक साहित्य सेवक मंडळाच्या कार्यक्रमांना जात राहिलीस, तर हा तिसरा तिथे भेटेल. नुसत्या सत्काराच्या कार्यक्रमांना जाऊ नकोस, जिथे वाचन होतं तिथे जा. अकादमीत आणि कला व संस्कृती खात्यात गोमंतकीय लेखकांसाठी त्या वर्षी कोणत्या योजना आहेत, तेही विचारून ये. नियम लेखी घे.

होकार आला की करारावर सही करायच्या आधी तो घरी आण. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखीच लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे’ असं वाक्य दिसलं की तिथे बोट ठेव. किती वर्षं, किती प्रतींची आवृत्ती, रॉयल्टी छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, वर्षातून कधी हिशेब देणार, हे आकड्यांत लिहून घे. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क एका ओळीत गुंडाळून देऊ नकोस, प्रत्येकाचं वेगळं लिही. तुझ्या कादंबरीचं नाटक होऊ शकतं, असं मला त्या बँकेच्या प्रसंगावरून वाटतं. गोव्यात नाटकवाल्यांना तोटा नाही, तेव्हा तो हक्क स्वतःकडेच ठेव.

ता. क. बद्दल. लिहून झालं त्या क्षणी कॉपीराइट तुझा झाला, 1957 च्या कायद्याने. तो तू आहेस तोवर आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. नोंदणी सक्तीची नाही, हवी असेल तर कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन करता येते. तारखा असलेल्या वह्या, टाइप केलेले सगळे खर्डे आणि पाठवलेल्या मेल जपून ठेव, वाद झालाच तर तोच पुरावा. नावाजलेल्या प्रकाशनसंस्था नव्या लेखकांची हस्तलिखितं चोरत बसत नाहीत. पैसे मागणाऱ्या त्या गृहस्थांकडे मात्र तुझी पूर्ण फाइल आहे. त्यांना आजच दोन ओळींची मेल टाक, की प्रस्ताव मान्य नाही आणि कादंबरीचा कोणताही भाग माझ्या लेखी परवानगीशिवाय वापरू नये.